बाळंतिणीच्या खोलीतला एसी

फिल्टर बाहेर ओढला आणि मला उमासाच आला. जाळी म्हणून काही दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, चिकट, तेलकट थर बसला होता आणि त्यात ओव्याचे जळके दाणे नि केस अडकले होते. बोट लावलं तर बोट चिकटलं. मी स्टुलावर उभी. खाली पलंगावर बाळंतीण, तिच्या कुशीत सहा दिवसांचं लेकरू, दाराशी तिची आई. सगळ्यांच्या देखत तोंड वाकडं करता येईना, म्हणून मी भिंतीकडे वळून ते केलं.

"नवाकोरा एसी आहे हो," बाळंतीण म्हणाली. "लावून पंधरा दिवस झाले. हवा येते, पण गार नाही."

"खोलीत काय जाळता तुम्ही?" मी विचारलं.

"धुरी देतो ना," दाराशी उभ्या असलेल्या इंदुमतीबाई म्हणाल्या. "ओवा, बाळंतशेपा, धूप, अन् वरतून तेलाचा हात. सकाळ-संध्याकाळ. बाळंतिणीले धुरी नाई द्यायची तं काय द्यायचं मंग?"

"खिडक्या लावून?"

"खिडक्या उघड्या ठेवून कोणी धुरी देते काय व?"

एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि खोलीतच सोडतो. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर तो सगळा धूर हा एसी चार दिवस पीत बसला होता. आतल्या कॉइलवरही तेलाचा हात फिरला होता. मी फिल्टर काढून घेतला, मागच्या मोरीत बसले आणि गरम पाणी नि भांड्यांची पावडर घेऊन घासायला लागले. काळं पाणी पायावरून वाहत होतं आणि त्याचा वास नाकातून डोक्यात चढत होता.

ही अकोल्यातली सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे. मी, कुंदा तायडे, आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स करून बबनभाऊंच्या दुकानात लागले होते. गावात हे काम करणारी मी एकटीच बाई. दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे बघायचा आणि विचारायचा, "मेकॅनिक नाही आला का?" बबनभाऊ मला शक्यतो दुकानातच बसवायचे. पण लेकीच्या खोलीतला एसी बिघडला म्हणून गावंडे सरांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "बाळंतिणीची खोली आहे, तिथं गडी माणूस कसा पाठवू? तूच जा." अशी मी त्या घरात पोचले.

मला लहानपणापासून कशाचीही लगेच किळस यायची. ताटात केस निघाला तर दोन दिवस जेवायची नाही. आणि देवानं धंदा दिला तो लोकांच्या घरातली घाण उपसायचा: फिल्टरमधल्या मेलेल्या पाली, पंख्यात अडकलेली कबुतराची पिसं, पाण्याच्या नळीतला शेवाळाचा गोळा. ती किळस साबणानं जाते. आता सांगते आहे ती अजून गेलेली नाही.

फिल्टर बसवला, कॉइल धुतली, एसी सुरू केला. दहा मिनिटांत खोली बदलली. पल्लवीनं, म्हणजे त्या बाळंतिणीनं, डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, मान मागे टाकली आणि डोळे मिटून नुसती पडून राहिली. तिच्या मानेवर घामोळ्याचा लाल पट्टा उठला होता. बाळाच्या पाठीवरही होता.

"ताई, तुम्ही देवासारख्या आलात," ती म्हणाली. पुण्यात नोकरी करणारी मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. उन्हाळ्यात अकोल्याला जायचं म्हणून तिच्या नवऱ्यानं, हर्षदनं, आधीच हा एसी बसवून दिला होता. हॉट अँड कोल्ड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम. अकोल्यात गरम करणारा एसी घेणारा माणूस पुण्याचाच असणार, असं बबनभाऊ म्हणाले होते.

मी हत्यारं आवरत होते तेवढ्यात इंदुमतीबाईंनी बाळाला टोपरं घातलं, वर दुसरं झबलं चढवलं आणि दुपट्यात करकचून गुंडाळलं. वाकल्या तेव्हा मला पलंगाखाली शेगडी दिसली. निखारे राखेखाली धुमसत होते.

"काकू, शेगडी आणि एसी एकाच खोलीत?"

"शेगडी शेकासाठी," त्या हसून म्हणाल्या. "एसी जवायासाठी."

मीही हसले. धुरी दुसऱ्या खोलीत द्या, शेगडी काढा, एवढं सांगितलं आणि निघाले.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. एसी गार करत नाही. उलट गरम करतो.

दुपारी एकच्या सुमाराला पोचले. खोलीत पाय टाकला आणि भाकरीच्या तव्यावर वाकल्यासारखी झळ तोंडावर आली. पल्लवी पदरानं बाळाला वारा घालत होती. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. बाळ झोपलं होतं. ओवा, घाम आणि नासलेलं दूध, असा कोंदट वास भिंतींनाच लागलेला होता.

"सकाळी गार होता, ताई," ती म्हणाली. "मी झोपले. उठले तर हे असं."

फिल्टर पाहिला, स्वच्छ होता. मग मागच्या अंगणात गेले, जिथं एसीचं बाहेरचं मशीन भिंतीला टांगलेलं होतं. हात पुढे केला आणि मला सगळं समजलं. मे महिन्यातल्या भर दुपारी, पायाखालची फरशी पोळत असताना, त्या मशीनमधून अंगणात गार वारा येत होता. बाहेरच्या मशीननं गरम हवा फेकायची असते. हे उलटं चाललं होतं. खोलीतली उष्णता बाहेर काढायची सोडून एसी बाहेरची उष्णता खोलीत ओतत होता. एवढ्या उन्हात त्याला ते झेपत नव्हतं. धापा टाकत बंद पडायचा, थोडा निवला की पुन्हा सुरू व्हायचा.

बिघाड काही नव्हता. कुणीतरी रिमोटवरचं सूर्याचं चित्र दाबलं होतं.

आत वळले तर स्वयंपाकघराच्या दारात इंदुमतीबाई उभ्या. रिमोट त्यांच्या हातात होता.

"इकडं ये," त्या म्हणाल्या. "आधी काहीतरी खाऊन घे. उपाशी पोटी उन्हात फिरतं बापा पोरगं."

त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पुढ्यात डिंकाचे दोन लाडू ठेवले. कुठल्याच घरात मला कुणी असं बसवलं नव्हतं. पाणी द्यायचे तेही कामवालीच्या पेल्यातून. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. माझ्या बाळंतपणात मला शेगडी कुणी केली नाही की लाडू कुणी वळला नाही. नवऱ्यानं खानावळीचा डबा लावला होता. मी पहिला लाडू तोंडात घातला आणि तिथंच मेले.

"काकू, तुम्ही बटण दाबलंत?" मी हळूच विचारलं.

"दाबलं."

"मुद्दाम?"

"मंग काय चुकून? सूर्याचं चित्तर हाय त्याच्यावर. न समजाले काय झालं?"

"लेकराला उष्णता होईल, काकू. घामोळं बघा किती उठलंय."

त्या माझ्या समोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या मोठ्या बहिणीचं, कमलचं बाळंतपण आमच्याच घरी झालं. श्रावण होता. मी दहा वर्षांची. मले म्हणे, इंदे, जीव घाबरते, खिडकी उघड. मी उघडली. गार वारा आला. तिसऱ्या दिवशी तिले दातखीळ बसली. पाठ अशी कमानीसारखी झाली. सातव्या दिवशी गेली. लेकरूबी गेलं. घरात कोणालेच माहीत नाई खिडकी कोणं उघडली ते. तुलेच सांगून रायली आज."

दातखीळ वाऱ्यानं बसत नाही. ज्या मळक्या विळ्यानं सुईण नाळ कापते त्या विळ्यानं बसते. हे मला ठाऊक होतं. शाळेत शिकले होते. तिथं तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात लाडू होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी बोलले नाही.

"मग पल्लवीला सांगा ना तसं. एसी लावू नको म्हणा."

"पल्लवी ऐकते, पण जवाई? त्यायनं हौसेनं मशीन बसवून देलं. रोज फोन करून इचारतेत, आई, एसी चालू हाय ना? जवायाले नाई म्हणू मी? त्यायचा पाय परत ह्या घरात लागंन का?" त्यांनी माझा हात धरला. "चार दिवस फक्त. बारसं झालं का बाळंतीण मोकळी. मंग लावा कितीबी गार. तू सांग बिघडला म्हणून. तुह्या शब्दापुढं कोणी बोलणार नाई. तू शिकलेली हायेस, त्यातली हायेस."

तुझ्या शब्दापुढं कुणी बोलणार नाही. दुकानात लागल्यापासून दोन वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. जिथं जाईन तिथं माझ्या निदानावर दुसरा मेकॅनिक बोलावून खात्री करून घ्यायचे. आणि हे पहिलं कुणी माझ्या शब्दाला किंमत देत होतं, तर तो शब्द खोटा हवा होता. ते मला तेव्हा उमगलं. उमगूनही मी उठले, अंगणात गेले, बाहेरच्या मशीनचं झाकण उघडलं आणि कपॅसिटर काढला. औषधाच्या बाटलीएवढी ती वस्तू. ती नसली की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. आतला पंखा नुसताच फिरत राहतो. कपॅसिटर फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि झाकण परत बसवलं.

खोलीत येऊन मी पल्लवीला सांगितलं, "कॉम्प्रेसर उचलत नाहीये. एक पार्ट गेलाय."

"नव्या मशीनचा?"

"होतं असं. व्होल्टेज कमीजास्त होतं ना."

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "ताई, कुठला पार्ट?" हर्षद पलीकडून विचारत होता. "मी पुण्याहून पाठवू का?"

"नको," मी म्हणाले. "कंपनीकडूनच मागवावा लागतो. तुमच्या मॉडेलचा वेगळा आहे. चार-पाच दिवस लागतील."

"तोपर्यंत काही पर्याय? कूलर?"

"कूलरची दमट हवा बाळाले चालत नाई, जवाईबापू," इंदुमतीबाई मागून म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" त्यानं मलाच विचारलं.

मला काय वाटतं! मी म्हणाले, "काकू म्हणतात ते बरोबर आहे."

पल्लवी माझ्याकडे बघत होती. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. मी उगाच आईवर संशय घेत होते." मग ओशाळून हसली. इंदुमतीबाई बाळाचं दुपटं नीट करत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

निघताना त्यांनी चार लाडू कागदात बांधून माझ्या पिशवीत ठेवले, कपॅसिटरच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीचा फोन आला. हळू आवाजात, आई ऐकेल अशा भीतीनं बोलत होती.

"ताई, पार्ट आला का हो?"

"अजून नाही."

"तो दूध ओढत नाहीये. नुसता झोपतो. आई म्हणते, शांत बाळ आहे, नशीबवान आहेस. पण ताई, पिवळट दिसतोय. मला समजत नाहीये. खोलीत इतकं उकडतंय की मलाच काही सुचत नाही."

पिशवी माझ्या पायाशी होती. घर दुकानापासून वीस मिनिटांवर. जाऊन बसवून आले असते तर प्रकरण मिटलं असतं. मी का गेले नाही ते सांगते, कारण सोळा वर्षांत मी ह्याची पुष्कळ सुंदर कारणं शोधली आणि सगळी टाकून दिली. काकूंना शब्द दिला होता म्हणून, असं आधी म्हणायची. एका बाईचं दुःख समजलं म्हणून, असंही म्हणून पाहिलं. खरं एवढंच की चार-पाच दिवस लागतील असं मी सांगितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी पार्ट घेऊन गेले असते तर जावई म्हणाला असता, ह्या बाईला काही कळत नाही. मला कळतं असं पहिल्यांदाच कुणाला तरी वाटत होतं.

"उद्या-परवा येईल," मी म्हणाले. "डॉक्टरांना दाखवून घ्या हवं तर."

"आई म्हणते बारशाआधी बाहेर काढायचं नाही."

"मग थांबा थोडं," मी म्हणाले.

थांबा थोडं! हे शब्द माझ्या तोंडचे आहेत.

त्यानंतरही मी पिशवी उघडलीच नाही. दोन दिवसांनी, म्हणजे बारशाच्या आदल्या दिवशी, गावंडे सर स्वतः स्कूटरवर दुकानात आले. डोक्याला ओला पंचा, डोळे लाल. निवृत्त मुख्याध्यापक, एरवी आवाज चढवायचे नाहीत आणि घरात कशात पडायचेही नाहीत. माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाळाला काल दवाखान्यात नेलं," म्हणाले. "अंगात एकशेचार ताप. आचके दिले त्यानं पल्लवीच्या मांडीवर. कावीळ फार चढलीय. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलं, अजून चार तास गेले असते तर हाती लागला नसता. अजून काचेच्या पेटीत आहे. म्हणतात, खोली गार झाल्याशिवाय घरी आणायचं नाही. तेवढं बघा ना काही. दुसरीकडून कुठून पार्ट मिळत असेल तर..."

एवढे वयस्क गृहस्थ, माझ्यापुढे हात जोडून उभे होते.

"मिळालाय," मी म्हणाले. "आत्ताच आला."

बबनभाऊंनी मान वर करून पाहिलं. दुकानात सकाळपासून एकही पार्सल आलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि सरांच्या स्कूटरवर मागे बसले.

दहा मिनिटांचं काम. दोन स्क्रू, तीन वायरी. झाकण लावलं आणि बटण दाबलं. बाहेरचं मशीन घुमायला लागलं आणि त्यातून उन्हात ऊन मिसळावं तशी गरम हवा बाहेर पडू लागली, जशी पडायला हवी तशी. आत गेले. पलंग रिकामा होता. गादीवर तेलाचे डाग, उशीशी टोपरं पडलेलं. शेगडी पलंगाखालून अजून कुणी काढली नव्हती. रिकामी खोली छान गार व्हायला लागली आणि मला इतकी ओकारी आली की मी मोरीकडे धावले.

तोंड धुऊन परत आले तर इंदुमतीबाई आणि हर्षद आले होते. तो रातोरात पुण्याहून निघून आला होता आणि बाळाचे कपडे न्यायला सासूबाईंबरोबर घरी आला होता. कोवळा, चष्मेवाला, दाढी वाढलेला.

"पार्ट मिळाला?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला खरंच माहीत नाही. माझ्याआधी इंदुमतीबाई बोलल्या.

"मिळाला म्हणजे काय! ह्या पोरीनं जिवाचं रान केलं, जवाईबापू. कंपनीवाले हात वर करून बसले होते. हिनं गावभर उन्हात हिंडून कुठून कुठून शोधून आणला. आपल्या लेकराले घरी येता येईल ते हिच्यामुळं."

खोटं बोलण्यात सराईत बाई असं बोलत नाही. सराईत बाईला इतकं खरं रडू येत नाही. त्या रडत होत्या आणि बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनाच ते पटत होतं, हे मला समोर दिसत होतं.

हर्षदनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, कसे आभार मानू..."

मी म्हणाले, "बाळ बरं होऊ द्या."

तो कपडे गोळा करायला आत गेला. मी इंदुमतीबाईंना बाजूला घेतलं. "काकू, मला सांगून टाकायचंय. दोघींनी मिळून सांगू."

"सांग," त्या म्हणाल्या. "पल्लवी मंग मले तोंड दाखवन का आयुष्यात? अन् तुले कोणी दारात उभं करंन?" डोळे पुसले. "लेकरू वाचून रायलं ना? मंग झालं तं."

एवढं बोलून त्या एसीखाली जाऊन उभ्या राहिल्या. पदर सैल केला, मान वर केली आणि गार हवा अंगावर घेतली. म्हणाल्या, "मस्त गार करते व."

त्या क्षणी मला त्यांची जेवढी शिसारी आली तेवढी आजवर कशाचीच आली नाही. आणि मी चूपचाप माझी पिशवी उचलून निघाले, म्हणजे मी त्यांच्याहून काही वेगळी नव्हते.

बाळ नऊ दिवस दवाखान्यात राहिलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मशीननं कान तपासले. उजवा ठीक होता, डाव्या कानाकडून उत्तर येत नव्हतं. तापानं, काविळीनं की जन्मतःच, हे सांगता येणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाले. तीन महिन्यांनी बघितलं, सहा महिन्यांनी बघितलं. आज तो सोळा वर्षांचा आहे आणि डाव्या बाजूनं हाक मारली की ओ देत नाही.

पुढे ढकललेल्या बारशाचं आमंत्रण द्यायला पल्लवी बाळाला घेऊन दुकानात आली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाकून माझ्या पाया पडली.

"ताई, हर्षदला बहीण नाही. नाव ठेवायला आत्या तुम्हीच," ती म्हणाली. "नाही म्हणायचं नाही. आईनंच सुचवलंय."

"मला नको," मी म्हणाले. "घरातलं कुणी बघा."

"तुम्ही घरातल्याच."

बबनभाऊ म्हणाले, "अगं जा की, मोठा मान आहे." त्या दिवसापासून ते मला कुठल्याही घरी एकटीला पाठवायला लागले.

मी गेले. नवी साडी नेसले. बाळंतिणीच्या खोलीतच पाळणा टांगला होता, फुलं लावली होती, घुगऱ्यांचं पातेलं भरून ठेवलं होतं, आणि खिडक्या लावून एसी सुरू होता. पंचवीसएक बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. इंदुमतीबाई जरीच्या लुगड्यात पाळण्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला माझी ओळख करून देत होत्या, "हीच ती, एसीवाली पोरगी." बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि मी पाळण्याची फुलं उगाच सारखी करत होते.

"गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं. मग पाळण्यात ठेवलं. मी वाकले. बाळ जागं होतं, हनुवटी घामोळ्यानं सोललेली, दवाखान्यात सुई टोचलेल्या हातावर अजून निळा डाग. ते माझ्याकडे बघत होतं. मी मुद्दाम उजव्या कानाशी तोंड नेलं. नाव सांगायचं होतं. ते सांगायच्या आधी मी कानात म्हणाले, "माझ्याकडेच होता रे तो." इतकं हळू म्हणाले की माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. मग मोठ्यानं म्हणाले, "ओजस. कुर्र्र्र!"

आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. रीतच आहे ती. मागून हसण्याचा एकच गलका झाला आणि धपाटे पडायला लागले. मी पाळण्याची दोरी धरून वाकलेलीच राहिले. एक पडला, दुसरा पडला. बांगड्यांसकट एक जोराचा पडला तेव्हा मला बरं वाटलं. मनात म्हटलं, मारा, अजून जोरात मारा, तुम्हाला माहीत नाही पण बरोबर पाठीत मारताय. पल्लवीनंही हसत हसत एक हलकासा मारला. कुणीतरी म्हणालं, "अवं इंदूबाई, तुमी मागं काहून? घाला एखादा!"

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, ही तरी मारेल. ही एकटीच अशी आहे जिला माहीत आहे.

इंदुमतीबाई मागे आल्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला. त्यांनी मारलं नाही. मानेपासून कमरेपर्यंत दोनदा हळूच हात फिरवला, शाबासकी देतात तसा.